यकृतातली नवी वाट आणि सकाळचा उखाणा

रक्ताला चव असते, हे बालपणी बोट कापल्यावर आपण शिकतो आणि पुढे विसरून जातो. मला ती पुन्हा आठवली तेव्हा मी फळ्यापाशी उभी होते. पवनीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते. त्या दिवशी वृत्तांचा तास होता. फळ्यावर लघु-गुरूंच्या खुणा करीत असताना जिभेच्या मुळाशी गार, लोखंडी चव आली. पावसात बाहेर राहिलेल्या विळ्याच्या पात्याला जीभ लागावी तशी. मी रुमाल तोंडाशी धरला, पण तो कशालाच पुरला नाही.

खरे सांगते, त्या लाल रंगाकडे मी आधी भीतीने पाहिले नाही, आश्चर्याने पाहिले. इतका भडक रंग माझ्यात होता आणि मला त्याची वार्ताही नव्हती. भीती नंतर आली, कोणीतरी मला बाकावर निजवल्यावर, वर फिरणाऱ्या पंख्याचा आवाज दूर दूर जाऊ लागल्यावर.

घाट

नागपूरच्या रुग्णालयात डॉक्टरांनी कागदावर आकृती काढली. माझे यकृत कडक झाले होते. आतड्यांकडून येणारे रक्त त्यातून जायला वाट मागत होते, वाट मिळत नव्हती, म्हणून ते मागे फुगत होते आणि अन्ननलिकेतल्या नाजूक शिरा त्या दाबाने फुटत होत्या.

ते बोलत होते आणि मला पवनीचा घाट दिसत होता. धरण झाल्यापासून तिथे वैनगंगा पूर्वीसारखी वाहत नाही, थांबून असते. मागे फुगलेले पाणी ओळखीच्या पायऱ्या गिळते. जिथे कधी ओल नव्हती तिथे ओल येते. नदी रागावलेली नसते. तिला फक्त पुढे जाता येत नाही. माझ्या आतही असाच एक घाट बुडत होता, आणि इतकी वर्षे मी काठावर बसून मुलांना कविता शिकवत होते.

कारण विचाराल, तर माझ्याच शरीराने माझ्या यकृताशी वैर धरले होते. कोणाला का होते, ते नीटसे कोणी सांगू शकत नाही. पण गावात यकृत म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे बाटली येते. आम्ही पवनीजवळच्या कोंढ्याचे, धानाची शेती असलेले. भेटायला आलेल्या एका चुलत दिरांनी माझ्या नवऱ्याकडे पाहून मान हलवली.

"पेते कोन अन् भोगते कोन! दादा, आता तरी सोडा."

माझे यजमान मोरेश्वरराव आयुष्यात कधी दारूच्या वासाला उभे राहिले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "सोडतो बापा. पन आधी धरा तं लागन ना."

मला हसू आले आणि हसताना पोट दुखले. पोटात पाणी भरू लागले होते. पुढचे कित्येक महिने हेच चालले. पाणी काढायचे, पुन्हा भरायचे. दुर्बीण घालून फुगलेल्या शिरांना रबरी बँड बांधायचे, आणि कधीतरी पुन्हा ती विळ्याची चव यायची.

सौदा

बँड पुरेनासे झाले, तेव्हा डॉक्टरांनी दुसरा उपाय सुचवला. पोट फाडायचे नाही. मानेतल्या शिरेतून एक बारीक नळी खाली न्यायची, यकृताच्या आतून सुईने वाट पाडायची आणि ती मिटू नये म्हणून तिच्यात जाळीची नळी बसवायची. अडलेले रक्त त्या वाटेने निघून जाते, दाब उतरतो. या उपायाला ते 'टिप्स' म्हणत.

"रक्तस्राव थांबण्याची चांगली शक्यता आहे," ते म्हणाले. मग पेनाचे टोपण लावून त्यांनी ते टेबलावर ठेवले. ज्या गोष्टी आवडत नाहीत त्या सांगताना ते असेच करीत. "पण यकृत रक्त गाळते. नव्या वाटेने जाणारे रक्त न गाळताच पुढे जाईल. काही रुग्णांच्या डोक्यावर त्यामुळे धुके येते. शब्द सापडत नाहीत, दिवस-रात्र उलटतात. बहुधा औषधाने ते आवरते. सगळ्यांचेच आवरते असे मी म्हणणार नाही."

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. मोरेश्वररावांनी चपलेच्या टोकाने फरशीवर एक चौकोन आखला.

"म्हंजे बांधीचा धुरा फोडून पानी काढून द्याचं," ते म्हणाले. बांधी म्हणजे धानाचे खाचर, आणि धुरा म्हणजे त्याभोवतीचा बांध. "बांधी फुटत नाई मंग. पन पानी न थांबता गेलं तं धानाचं काय, हेच सांगून राहिले ना थे?"

"हेच."

"मंग तुह्यं काय मत हाये?"

मी नाही म्हणाले. मला मरणाची भीती नव्हती असे नाही. होती, आणि ती रोज जेवायला शेजारी बसे. पण शब्दांवाचून उरण्याची भीती तिच्याहून मोठी होती. मुलांना जी ओळ शिकवायची ती शिकवताना अर्ध्यावर विसरणारी, समोरच्याचे नाव न सुचून हसत राहणारी बाई मला दिसू लागली. "शब्द गेले तर माझे काय उरणार?" मी म्हणाले.

"मी उरन ना," ते म्हणाले. "तुह्या वाटचं मी बोलीन."

दिवसाकाठी मोजकीच वाक्ये बोलणारा हा माणूस. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांनाही आपण काय बोलून बसलो ते उमगले असावे, कारण ते घाईने म्हणाले, "तसं जास्त नाई येनार मले. पन शिकीन."

त्यांनी कोणताही हट्ट केला असता तर मी तो मोडला असता. पण त्या 'शिकीन'पुढे माझे काही चालले नाही.

आंबागडच्या आजी

रुग्णालयाची सकाळ वासांनी उजाडते: फिनाइल, उकळलेला चहा, कोणाच्या तरी डब्यातले गरम तेल. माझ्या शेजारच्या खाटेवर तुमसरकडच्या आंबागडच्या एक आजी होत्या. त्यांचाही आजार यकृताचाच. त्यांचे यजमान दिवसभर खाटेच्या पायथ्याशी बसून असत आणि दोघे अखंड भांडत.

एका सकाळी एक तरुण डॉक्टर आले, बहुधा लांबच्या राज्यातले. त्यांचे मराठी जपून जपून पावले टाकणारे. आजींचे डोके ठिकाणावर आहे ना, हे त्यांना पाहायचे होते. आज वार कोणता? आजींनी सांगितला. हे गाव कोणते? सांगितले.

"तुमच्या मिस्टरांचे नाव काय?"

आजींनी पदर पुढे ओढला आणि खिडकीकडे पाहिले.

"आजी, नाव सांगा."

आजी गप्प. डॉक्टरांचा चेहरा गंभीर झाला. ते सिस्टरांना हळूच म्हणाले, "गोंधळ आहे. औषध वाढवावे लागेल."

"सांग ना व!" आजोबा कळवळून ओरडले. "माह्यं नाव सांग! नाईतं हे तुले येडी ठरवून राहिले!"

"चूप बसा तुमी. चार लोकाईत नाव घ्याले लावता? शरम नाई वाटत?"

मग मला बोलावेच लागले. "डॉक्टर, त्यांना नाव पक्के ठाऊक आहे. जुन्या बायका नवऱ्याचे नाव सरळ घेत नाहीत. उखाण्यात विचारा."

उखाणा म्हणजे काय, हे मी त्यांना समजावले: यमकाच्या दोन ओळी, आणि त्यांत गुंफलेले नाव. त्यांनी हात जोडून विनंती केली. आजींनी थोडे आढेवेढे घेतले, घसा साफ केला, आणि साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"आंबागडच्या डोंगरावर मोहफुलाचा वास,
सोमाजीचं नाव घेते, डाक्टर, आता पुरे करा तरास!"

सिस्टर भिंतीला टेकून हसल्या. आजोबांनी लाजून टोपी काढून पुन्हा घातली. आणि तरुण डॉक्टर, त्यांचे मला फार कौतुक वाटते, हसले नाहीत, विचारात पडले.

"हे त्यांनी आत्ता रचले?"

"जुन्या उखाण्यात 'डाक्टर' नसणार," मी म्हणाले.

"म्हणजे उत्तम तपासणी झाली." ते माझ्या यजमानांकडे वळले. "बाई घरी गेल्या की रोज सकाळी एक उखाणा घ्यायला लावा. पण नवा. पाठ असलेले जीभच म्हणून टाकते, डोके झोपलेले असले तरी."

वाट

वाट पाडण्याचा तो दिवस मला स्वप्नासारखा आठवतो आणि मी तो तसाच ठेवला आहे. खोली थंड होती. शिशाचे जड झगे घातलेली माणसे आवाज न करता फिरत होती, तळ्याच्या तळाशी चालावे तशी. मानेशी काहीतरी दाबल्यासारखे झाले, दुखले असे नाही. तार हृदयाजवळून जाताना एक-दोन ठोके अडखळले. वृत्तात एखादी मात्रा जास्त पडावी तसे. मग ते पुन्हा लयीत आले.

झोप आणि जाग यांच्या सीमेवर मी तरंगत होते. कोणीतरी म्हणे, "श्वास धरा," आणि मी धरी. "सोडा," आणि मी सोडी. अंगातून एकाएकी ऊब धावत गेली, पडद्यावर करड्या उजेडात एक झाड उमलले, फांद्या, उपफांद्या, त्यांच्या डहाळ्या, आणि क्षणात विरून गेले. ते माझ्याच रक्ताचे झाड होते, हे नंतर कळले. तेव्हा मला ते मोहाचे वाटले. त्याचा वासही आला.

पुढे एक खोल ढकलल्याची जाणीव, आणि नंतर विलक्षण शांतता. कदाचित ती औषधाची असेल. पण मला मात्र असे वाटले की कितीतरी दिवस भिंतीला टेकून उभी असलेली कोणीतरी आत एकदाची खाली बसली.

जवाहरनगर

रुग्णालय सोडल्यावर काही आठवडे आम्ही माझ्या धाकट्या नणंदेकडे, शकुनकडे राहिलो. तिचे यजमान जवाहरनगरच्या कारखान्यात आहेत. तिथल्या क्वार्टरमधून नागपूर जवळ. पोट उतरले होते. विळ्याची चव गेली होती. मला भूक लागली, आणि भूक ही किती सुंदर गोष्ट आहे हे मी शकुनला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, मंग खा ना, कविता कायले करता!"

मीठ बंद. गोड, चिकट सिरप दिवसातून अनेकदा. त्याचे काम एकच, पोट साफ ठेवणे, म्हणजे डोक्यात विष चढत नाही. सभ्य भाषेत याहून अधिक सांगता येणार नाही. एवढेच सांगते, की न्हाणीघराच्या दाराशी माझी त्या दिवसांत घनिष्ठ मैत्री झाली.

आणि रोज सकाळी मोरेश्वरराव चहाचा कप हातात घेऊन समोर बसत आणि परीक्षकाच्या गांभीर्याने म्हणत, "हं. घे नाव." खिडकीबाहेर कारखान्याच्या बसगाड्या माणसे घेऊन निघत. मी म्हटले,

"कारखान्याच्या बसगाड्या लागल्या वळणाला,
मोरेश्वररावांचं नाव घेते, मीठ नाही वरणाला!"

"पास," ते म्हणत. शकुन टाळ्या वाजवी. लग्नानंतर इतक्या वर्षांनी मी रोज नवऱ्याचे नाव घेत होते, आणि ते दरवेळी थोडे लाजत. या आजाराने मला दिलेल्या भेटींपैकी ही सर्वांत लहान, आणि मी ती कोणालाही देणार नाही.

मंडई

दिवाळीनंतर आम्ही कोंढ्याला परतलो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, उशिराचा भारी धान उभा होता आणि हवेत तणसाचा, धानाच्या वाळल्या काड्यांचा, कोरडा, गोडसर वास होता. या दिवसांत आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दुकाने, दंडार नावाचे लोकनाट्य, रात्रीचे नाटक, आणि घरोघर पाहुणे. मंडईला लेकीबाळी येतात, व्याही येतात, ज्यांना बोलावले नाही तेही येतात. आमच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती, आणि संडास एकच.

जे झाले ते इतके साधे होते. दारापुढे सोयऱ्यांची रांग, आणि त्यांच्या देखत मी पुन्हा पुन्हा तांब्या घेऊन जायचे? मी सिरप घेतले नाही. एकदा टाळले, मग पुन्हा टाळले. शरीर कुरकुरले नाही, उलट हलके वाटले.

धुके येते तेव्हा ते धुक्यासारखे वाटत नाही, हे कोणीतरी सांगायला हवे, म्हणून मी सांगते. ते सुखाचे असते. आवाजांच्या कडा मऊ होतात. अंगणातली माणसे पाण्यातल्या प्रतिबिंबांसारखी हलतात. सारे ओळखीचे असते आणि कशाचेही नाव लागत नाही, आणि नाव लागत नाही याचे दुःखही होत नाही. दुःख करणारीच झोपलेली असते.

सकाळी अंगणात पाहुण्यांत चहा चालला होता. पुढचे मला थोडे आठवते, थोडे मंडईला आलेल्या शकुनने सांगितले. मोरेश्वरराव नेहमीप्रमाणे म्हणाले, "हं. घे नाव." पाहुण्यांना मजा वाटली. मी हसून, ठेक्यात म्हटले,

"चांदीच्या वाटीत केशराची खीर,
मोरेश्वररावांचं नाव घेते, धरा थोडा धीर."

एकच हशा, टाळ्या. "वा वहिनी!" चुलत दीर ओरडले.

मोरेश्वरराव हसले नाहीत. "हा लग्नातला होय," ते म्हणाले. "नवा घे."

मी पुन्हा तसेच हसले. तीच मान वळवली. "चांदीच्या वाटीत केशराची खीर..."

"मजाक करून राहिली वहिनी," कोणीतरी म्हणाले. अंगण आणखी हसले.

"हात समोर धर," मोरेश्वरराव म्हणाले. धुके ओळखायच्या खुणा डॉक्टरांनी त्यांना शिकवून ठेवल्या होत्या. मी धरले. पंजे वर करायला सांगितले. ते वर राहिनात, वाऱ्याने पान पडावे तसे पुन्हा पुन्हा गळून पडत होते. ते माझ्या अगदी जवळ आले, माझ्या श्वासाचा वास घेतला. शकुन सांगते, त्यांचा चेहरा पांढरा झाला.

"गाडी काढा," ते म्हणाले. आणि जो माणूस दिवसाकाठी मोजकी वाक्ये बोलतो, तो अंगणावर ओरडला, "हसून काय राहिले रे! गाडी काढा!"

मला एवढेच आठवते, की गाडीच्या खिडकीतून मंडईतली फिरकी विकणारा दिसला आणि त्याच्या काठीवरच्या साऱ्या रंगीत फिरक्या उलट्या फिरत होत्या.

ज्यांना पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी

तुमच्या घरी कोणाला ही वाट पाडायची असेल, तर घाबरू नका असे मी म्हणणार नाही. घाबरा, आणि घाबरतच डॉक्टरांना सगळे विचारा. सिरप पाहुण्यांपेक्षा मोठे आहे. संडासापुढची रांग तुम्हाला वाट देईल, मागा तर खरे. आणि घरात एक माणूस असा ठेवा, जो तुमच्या पाठ झालेल्या हसण्यावर विश्वास ठेवणार नाही. त्याच्यापाशी तुमच्या दोघांचा असा एक प्रश्न असू द्या, ज्याचे उत्तर रोज नव्याने घडवावे लागते. उखाणाच हवा असे नाही. आमच्याकडे तो आहे.

त्या दिवशी मला नागपूरला नेल्यावर डॉक्टर म्हणाले होते, धुके औषधाने उतरले नाही तर जाळीची नळी अरुंद करावी लागेल. मग दाब पुन्हा चढेल. म्हणजे पुन्हा तो सौदा, रक्त की शब्द. मी हे ऐकत होते म्हणे, आणि हसत होते.

मग एका सकाळी खिडकीतला उजेड मला उजेड म्हणून कळला. त्याला नाव होते. चादरीला नाव होते. समोर स्टुलावर दाढी वाढलेला एक माणूस शकुनने पाठवलेला डबा उघडत होता. मी जागी झाल्याचे पाहून त्याने झाकण तसेच हातात धरले.

"घे नाव," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

मी डोळे मिटले. शब्द फार खोल होते, एकेक वर ओढावा लागत होता.

"धुक्यातून दिसू लागला... पवनीचा घाट..."

ते हलले नाहीत.

"मोरेश्वररावांचं नाव घेते..."

पुढे काहीच आले नाही. एक शब्द तिथे होता, मला त्याचे वजन कळत होते, शेवटचे अक्षर कळत होते, पण तो हाती लागत नव्हता. मी ओठ हलवीत राहिले. किती वेळ गेला ठाऊक नाही. मोरेश्वररावांना ते पाहवेना. ते एकदम, घाईघाईने, डब्याकडे पाहत म्हणाले,

"...शकुननं डब्यात देल्ला भात!"

माझ्या कपाळावर आठी आली.

"चुकलं," मी म्हणाले.

"आँ?"

"घाट आणि भात. यमक चुकलं."

झाकण त्यांच्या हातातून खाली पडले आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिले. त्यांनी ते उचलले नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून ते म्हणाले, "चुकू दे व, चुकू दे. चुकलं हे तुले समजलं ना!"

'वाट' हा शब्द मला संध्याकाळी सापडला. मी तो त्यांना सांगितला नाही. आमच्या घरात तो उखाणा अजून भातावरच संपतो.